गोरीचं काय?

“या तुमच्या आई का?”

सबनीसबाईंनी हे विचारलं हेमाला आणि बोट दाखवलं माझ्याकडे. केपटाऊनच्या हॉटेलात सकाळचा नाश्ता चालला होता. मी उकडलेलं अंडं सोलत होते, ते बशीत इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या टेबलावरचे गोरे साहेब दचकून वळले.

“अहो, नाही हो! ताई आहे माझी. चारच वर्षांनी मोठी,” हेमा म्हणाली आणि खुदकन हसली.

तिला काय जातंय हसायला! साठीला टेकली तरी बाईची कातडी कशी, तर सायीसारखी. केस कापलेले, गळ्यात मोत्यांची एकच सर, अंगात मोरपंखी स्वेटर. आणि मी तिच्या शेजारी, तासगावच्या कन्याशाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, पायात बूट आणि अंगावर शंभर वेळा धुतलेली सुती साडी.

“तसं नव्हे हो, यांचा रंग जरा...” सबनीसबाई चाचरल्या. “म्हणजे तुमच्या बहिणीचं वयच दिसत नाही ना, म्हणून वाटलं.”

म्हणजे माझं दिसतं. आणि रंगही दिसतो. वर्गात असत्या तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

ही गोष्ट झाली आम्ही दक्षिण आफ्रिकेला गेलो तेव्हाची. आता बरीच वर्षं झाली तिला. सहलीचे पैसे हेमाचे. तिचा नवरा सुधाकरराव दाभाडे, पाटबंधारे खात्यातला मोठा इंजिनियर, वर्षभरापूर्वी गेला होता. मुलगा कॅनडात. पुण्यात बाणेरला ऐसपैस बंगला, त्यात ही एकटी. तिने मला फोन केला, “ताई, ह्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. तू चल माझ्याबरोबर.” मी आढेवेढे घेतले आणि गेले. जग बघायचं मलाही होतंच की. भूगोल शिकवण्यात जन्म गेला आणि समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा.

विमान उडालं तसा हेमाने माझा हात धरला. मला वाटलं घाबरली. पण नाही. म्हणाली, “ताई, परत गेल्यावर माझ्याकडेच ये राहायला. कायमची. वरची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय.”

“बघू,” मी म्हटलं.

पण बघायचं काहीच नव्हतं. माझं उत्तर त्याच क्षणी तयार होतं, ‘नाही’. ते मी सहलीच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं, आवडीची वडी पानाच्या कडेला ठेवतात ना, तसं. हेमाला आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. ते मी म्हणणार होते आणि तेव्हाचा तिचा चेहरा मला बघायचा होता. ज्या घराची मी मालकीण व्हायची, त्या घरात आता मी पाहुणी म्हणून वरच्या खोलीत राहू? माझं डोकं फिरलं होतं का?

हो, मालकीण. कारण दाभाडे बघायला आले होते ते मला.

मी बी.ए. झाले होते. आईने मला स्वतःची हिरवी रेशमी साडी नेसवली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि मला अंधाऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मुलाने मला दोन प्रश्न विचारले. मोसमी वारे कसे वाहतात, हा त्यातला एक. मी उत्तर दिलं, तो चक्क हसला, मलाही हसू आलं. अहाहा, काय बरं वाटलं होतं मला! आणि तेवढ्यात आतून हेमा आली, हातात पाण्याचं तांब्याभांडं, तोंडाला पावडर, केसांत अबोली. पडद्यापलीकडच्या उजेडात येऊन उभी राहिली ती. मुलाच्या आईने भांडं घेतलं आणि पाणी प्यायचं विसरूनच गेली. चौथ्या दिवशी निरोप आला, ‘धाकटी देत असाल तर करू.’

आणि धाकटी दिली. मांडवात करवली म्हणून मीच मिरवले. त्यानंतर दोन-तीन स्थळं आली आणि गेली. पुढे मीच सांगितलं, आता पुरे. बी.एड. केलं, शाळेत लागले. हेमाकडे दिवाळीला जायची, तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांची रांग बघायची आणि परतीच्या एस.टी.त माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणायचे पित्त. कसलं पित्त! हेवा होता तो, शुद्ध हेवा.

तर त्या दिवशी नाश्त्यानंतर आम्हाला टेबल माउंटनवर जायचं होतं. सगळी मंडळी टोप्या घालून, चिवड्याची पाकिटं घेऊन बसपाशी जमली, तर आमचे टूर मॅनेजर केळुसकर कपाळाला हात लावून आले.

“मंडळी, वारा फार आहे. डोंगरावर नेणारा पाळणा बंद ठेवलाय. आज मॉलमध्ये मोकळा वेळ. दुपारी बस तिथेच मिळेल.”

मॉलपाशी उतरताच सबनीसबाई आणि इतर बायका खरेदीला पळाल्या. मला काही घ्यायचं नव्हतं आणि हेमाला सगळं घेता येत असूनही नको होतं, ते तर मला आणखीच खुपलं. फिरता फिरता आम्ही मॉलमधल्या सिनेमा थिएटरपाशी आलो. एका पोस्टरवर दोन मुली होत्या, एक गोरी, एक काळी, मध्ये तारेचं कुंपण.

“बसूया का?” हेमा म्हणाली. “निदान वारा तरी लागणार नाही.”

सिनेमाचं नाव आता आठवत नाही, गोष्ट मात्र फ्रेमनफ्रेम आठवते. गोष्ट होती त्यांच्याकडच्या जुन्या काळातली, कायद्याने माणसांची रंगावरून वाटणी व्हायची तेव्हाची. एकाच आईबापाच्या दोन मुली. थोरली काळी, धाकटी गोरी. सरकारी कचेरीतला एक माणूस दोघींच्या केसांत पेन्सिल खुपसतो. धाकटीच्या केसांतून ती सटकन खाली पडते, म्हणून ती गोऱ्यांत जमा. थोरलीच्या कुरळ्या केसांत ती अडकून राहते, म्हणून ती काळ्यांत. त्या पेन्सिलीवरून दोघींची शाळा ठरली, वस्ती ठरली, जेवायचं ताट ठरलं.

मी हेमाला कानात अर्थ सांगत होते. मजा येत होती मला. निदान इंग्रजीत तरी मी तिच्या वरचढ!

“कळतंय गं मला,” ती म्हणाली. “तू बघ ना.”

पुढे आई धाकटीला घेऊन गोऱ्यांच्या वस्तीत राहायला जाते. धाकटीला ऊन लागू नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे. तिच्या डोक्यावर भलीमोठी टोपी, हातात मोजे, अंगणातसुद्धा जायची बंदी. ती काचेला नाक लावून बाहेर खेळणारी मुलं बघत बसते. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. बघते तर हेमा रडतेय.

इथे रडण्यासारखं काय आहे? टोपीच तर घालतेय पोरगी!

मी रडले नंतर. थोरली मैलोगणती चालत येते, कुंपणाच्या तारेला धरून उभी राहते. आतल्या बंगल्यात मेजवानी चाललेली. आई तिला बघते आणि पडदा ओढून घेते. तिथे मात्र मला हुंदका आवरेना, रुमाल तोंडात कोंबला. आणि हेमा? हेमाचे डोळे कोरडे ठाक! ती दुसरीकडेच कुठे बघत होती.

सिनेमा सुटल्यावर बस यायला वेळ होता. आम्ही समुद्राकाठच्या बाकावर कॉफीचे कागदी पेले घेऊन बसलो. वारा असा की पदर आवरता आवरता जीव जातोय. खाली खडकांवर सील लोळत पडले होते. त्यांचं बरं होतं, सगळे एकाच रंगाचे.

“काय अन्याय गं!” मी म्हणाले. “त्या थोरलीच्या वाट्याला पत्र्याचं खोपट आणि धाकटी बंगल्यात. सख्खी आईसुद्धा गोरीच्याच मागे गेली.”

“हं,” हेमा म्हणाली.

“हं काय? तुला नाही वाटलं काही?”

“वाटलं की. पण गोरीचं काय, ताई?”

“गोरीचं काय म्हणजे? तिला काय धाड भरली होती? शाळा, बूट, पियानो, सगळं आयतं!”

“तिला कुणी विचारलं होतं का?”

“विचारायचं काय त्यात? चांगलं ते पदरात पडत असताना कुणी विचारत बसतं होय?”

हेमाने कॉफीचा पेला बाकावर ठेवला. वाऱ्याने तो उलटला, कॉफी तिच्या पांढऱ्या पँटवर सांडली, तिकडे तिने पाहिलंही नाही.

“ताई, तू सिनेमाबद्दल बोलत नाहीयेस.”

“मग कशाबद्दल बोलतेय?”

“पाण्याच्या तांब्याबद्दल. इतकी वर्षं झाली, तू अजून त्याच तांब्यावर अडकलीयस. दर दिवाळीला माझ्या घरी येऊन तू माझ्याकडे अशी बघायचीस की फराळ घशाखाली उतरायचा नाही. मला काय कळत नव्हतं?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बरं झालं, म्हटलं, एकदाचं निघालंच तोंडातून.

“अडकणार नाही तर काय करणार? पावडर फासून, अबोली माळून आलीस तू! कशाला आलीस? माझं जमत होतं. तो हसला होता माझ्याशी!”

“पावडर आईने लावली. अबोलीही तिनेच माळली. मी मागच्या दारी धुणं पिळत होते गं! मला आत ओढलं, तोंड पुसलं, तांब्याभांडं हातात दिलं. मी म्हटलं, ‘ताईला बघायला आलेत, मी कशाला?’ तर काय म्हणाली सांगू? म्हणाली, ‘थोरलीचं काही खरं दिसत नाही. एवढं चांगलं स्थळ हातचं जाऊ द्यायचं का? तू जाऊन ये एकदा.’ आणि पाठीला हात लावून ढकललं मला.”

“आई असं म्हणणार नाही.”

“म्हणाली.”

ते वाक्य मला आईच्या आवाजात ऐकू आलं, अगदी शब्द न् शब्द. अर्धा पडदा जिने ओढला होता, ती दुसरं काय करणार होती? आई जाऊन किती वर्षं झाली होती. तिच्याशी भांडायचीही सोय राहिली नव्हती.

हेमा मात्र थांबेना. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“तू भर दुपारी सायकलवरून गावभर हिंडायचीस. वाचनालयात काय, नदीवर काय, मैत्रिणीकडे काय. आई म्हणायची, ‘हिचं आणखी काय काळं व्हायचंय, जाऊ दे.’ आणि मी? मला ओट्यावर उभं राहायची चोरी. गच्चीत वाळवण घालायलासुद्धा ऊन उतरल्यावर. माझा खो-खो आठवतो तुला?”

“आठवतो. सोडलास तू मध्येच.”

“मी सोडला? जिल्ह्याच्या संघात नाव आलं होतं माझं! एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मी अशी पळायचे की कुणाचा हात लागायचा नाही मला. आई स्वतः खेळाच्या बाईंच्या घरी गेली आणि नाव काढून आली. म्हणे, ‘मैदानावर काळी पडेल पोरगी, मग हिलाही कोण करणार?’ माझा रंग म्हणजे घरातला एकच दागिना होता, ताई. तो कपाटात ठेवायचा होता तिला. तू मोकळी राहिलीस.”

“मोकळी!” मी ओरडले. “कुणी पसंत केली नाही म्हणून मोकळी!”

“हो, म्हणूनच! पण राहिलीस ना? बी.एड. केलंस. पगार घ्यायला लागलीस. शाळेच्या फाटकातून आत शिरलीस की पोरी कशा चिडीचूप व्हायच्या, मी पाहिलंय. परत जाताना गाडीत मी ह्यांना म्हणायचे, बघा, ताई कशी रुबाबात राहते. आणि रात्रभर झोप यायची नाही मला. जळायचे मी तुझ्यावर. आत्ताही जळते.”

आता खोटं कशाला सांगू? हे ऐकून मला बहिणीची दया यायला हवी होती. ती नंतर आली. आधी झाला तो आनंद! हेमाला माझा हेवा वाटतो! हेमाला, माझा! खडकावरच्या त्या सीलला जाऊन मिठी मारावी इतका आनंद झाला मला. जन्मभर मी एकटीच जळत होते असं समजत होते, आणि इथे दोन्ही चुली पेटलेल्या.

मग मी तिच्याकडे पाहिलं. पँटवर कॉफीचा डाग, नाकाचा शेंडा लाल, केस वाऱ्याने पिंजारलेले. ती लहानपणी मागच्या दारी पाटावर बसून रडायची तशी दिसत होती. तेव्हा मी तिच्याजवळ जायची. कधीपासून जायची थांबले, ते मला आठवेना.

“हेमा,” मी म्हटलं, “मी तुझ्या बंगल्यात नाही येणार राहायला.”

“ठाऊक होतं मला.” तिने नाक पुसलं. “विमानातच कळलं. तू ‘बघू’ म्हणालीस ना, त्यावरून.”

झालं! शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेलं माझं ‘नाही’ असं वाया गेलं. तिचा चेहरासुद्धा बदलला नाही.

“पण तू ये,” मी म्हणाले. हे मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघूनच गेलं. “तासगावला ये माझ्याकडे. घर लहान आहे. पाणी एक दिवसाआड येतं. पण मागे अंगण आहे. म्हणजे, तुला यायचं असेल तर. मी ये म्हणते म्हणून नव्हे. तुला काय हवंय, ते सांग.”

हेमा माझ्याकडे बघतच राहिली. मग ती सरळ बसली, स्वेटर खाली ओढला, केस कानामागे घेतले.

“विचार करून कळवते,” ती म्हणाली.

पोहे खाऊन उठताना मुलाकडची मंडळी म्हणतात ते वाक्य, आणि ते ही बया मला ऐकवतेय! एवढं मन मोठं करून बोलावलं, तर हिचा तोरा बघा. पण ते म्हणताना तिच्या तोंडावर जे काही पसरलं, ते मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तेवढ्यात केळुसकरांनी बसपाशी शिट्टी वाजवली आणि आम्ही उठलो. बसमध्ये सबनीसबाईंनी आम्हाला लाकडी जिराफ दाखवले.

परत आल्यावर मी तासगावच्या घराला रंग काढला. मागच्या खोलीत पलंग टाकला, गिझर बसवला, मोरीला नवी फरशी घातली. हेमाला गुडघे वाकवायचा त्रास म्हणून संडासही इंग्रजी करून घेतला. फोन वाजला की धावायची. मी, जिने शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांना ताटकळत ठेवलं होतं, ती मी फोनकडे अशी धावत होते. रोज वाटायचं, आज कळवेल. तिचे फोन यायचे, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, नेमकं ते सोडून सगळं बोलायची. मी विचारणार नव्हते. मलाही मान आहे.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर तिने सांगितलं.

“ताई, नाही येत गं मी. रागावू नकोस. खूप विचार केला. मला कुणाकडेच राहायचं नाहीये.”

“बरं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आधी नवऱ्याने नाकारलं, मग बायकोने! नव्या पलंगावर जाऊन बसले आणि रडले, खूप रडले. मग रडता रडता हसायलाच लागले. शेजारच्या पवारवहिनी भिंतीवरून डोकावल्या, “बरं आहे ना प्रमिलाताई?” म्हटलं, “बरं आहे, बहिणीने नकार कळवलाय.” त्या गोंधळून निघून गेल्या.

हेमाने बंगला विकला. मुलींना खो-खो शिकवणारं एक मंडळ होतं, त्याच्या मैदानासमोर तिने दोन खोल्या घेतल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. दारं बंद. समोरून आवाज येत होता म्हणून मैदानावर गेले. ऊन चांगलं तापलेलं. पंधरा-वीस पोरी ओळीत उकिडव्या बसलेल्या आणि त्यांच्या मधून ही, गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर काही नाही. चेहरा रापून असा काळा झालेला की सबनीसबाईंनी ओळखलंच नसतं. ती एका मुलीच्या पाठीवर थाप मारून ओरडली, “वळ! आता वळ!” आणि त्या पोरीच्या बरोबरीने चार पावलं स्वतःही पळाली, गुडघेबिडघे विसरून.

मी तिच्या गोऱ्या रंगावर जळले, नवऱ्यावर जळले, बंगल्यावर जळले. पण त्या मैदानाच्या कडेला उभी राहून जेवढी जळले, तेवढी जन्मात कधी जळले नव्हते. आणि खरं सांगते, इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

तिने मला पाहिलं. मला वाटलं, आता धावत येईल. पण तिने नुसता तळहात वर केला, ‘थांब’ म्हणून, आणि पुन्हा शिट्टी तोंडात घातली. डाव चालू होता.

मग काय, थांबले.